गाद्यांच्या खोलीतला अल्बम

कर्जतचा आदिल पिंजारी वडिलांच्या दुकानात गाद्या शिवतो आणि फंक मेटल बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. बँडच्या पहिल्या अल्बमचा स्टुडिओ म्हणजे दुकानामागची खोली. आवाज घुमू नये म्हणून त्याने गिऱ्हाइकांच्या तयार गाद्या चारही भिंतींना उभ्या केल्या. गादीवाल्याचा मुलगा असूनही, लग्नसराई तोंडावर आलीय, हे मात्र तो साफ विसरला.

एक गाणं संपलं, की मुलीकडचे टेम्पो घेऊन दारात उभे. आदिलची अम्मी इमामबी वायरी ओलांडत गाद्या ओढून न्यायची. "लोकांच्या लेकी काय फरशीवर निजतील व्हय?"

आठव्या, शेवटच्या गाण्याला खोलीत एकही गादी नव्हती. आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमला.

पुण्याच्या एका समीक्षकाने लिहिलं, 'पहिल्या गाण्याच्या उबेपासून शेवटच्या एकाकीपणापर्यंतचा हा प्रवास विचारपूर्वक घडवलेला आहे.' आदिलचा मित्र म्हणून त्या गाद्या टेम्पोत मीच चढवल्या होत्या. वाचून माझं डोकंच फिरलं. "अरे, त्याला खरं सांग की!" मी ओरडलो.

आदिल गंभीरपणे म्हणाला, "कलेबद्दल फार बोलू नये."

दुसऱ्या अल्बमचं रेकॉर्डिंग मे महिन्यात आहे. तारखा इमामबीने काढल्यात, कॅलेंडरात ऐन लग्नाच्याच तिथी बघून.