दोन्ही बाह्या डाव्या

सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, लेकीला दात येत होते आणि त्यात शाळेच्या गणवेशांची घाई. अशात शिंपीणबाईने कात्री चालवली आणि कपाळावर हात मारला. शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या! उरलेल्या कापडात रुमालही निघाला नसता. तिला रडूच कोसळलं.

"आण इकडे," सासूबाई म्हणाल्या. सुनेला शिवण त्यांनीच शिकवलं होतं. बाह्या चाचपून त्या हसल्या. "नवीन लग्न झालं तेव्हा मीही ह्यांच्या शर्टाला अशाच लावल्या होत्या."

"मग मामंजी काय म्हणाले?"

"म्हणाले, झकास बसलाय. फोटोसुद्धा तोच घालून काढला."

सुनेने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. आजवर तिला वाटायचं, बिचाऱ्या मामंजींचा खांदाच वाकडा होता.