लोहभस्माची पुडी

एकोणीसशे तीसच्या सुमारास आमच्या किनाऱ्यावरच्या वेधशाळेत मी पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचो. लोखंडाने यंत्रातला चुंबकाचा काटा हलेल म्हणून चाव्या, सुऱ्या, छत्र्या फाटकाजवळच्या पेटीत ठेवाव्या लागत. आमची खोली कुंपणाच्या आतच होती. बायकोला पांडुरोग झाला, अंगात रक्त उरेना, तेव्हा थळच्या वैद्यांनी लोहभस्म दिलं. मी शास्त्राचा पदवीधर, मोठा नियमवाला. ती पुडीही पेटीतच ठेवली. बायको रोज वाळू तुडवत फाटकापर्यंत जायची आणि मधातून भस्म चाटून यायची. पुढे तिच्याने उठवेना. मी दिवसातून चारदा त्या फाटकातून यायचो, रिकाम्या हातांनी. तिचं तेरावं झाल्यावर उरलेली पुडी आत नेऊन काट्याशेजारी धरली. काटा तसूभरही हलला नाही.