डावीकडचं टेबल

हैदराबाद राज्याची वाटणी होत होती त्या वर्षी आमच्या मलकपेठच्या कचेरीतल्या एका टायपिस्टना सगळे 'लंगडे साब' म्हणत, तेही प्रेमाने. त्यांच्याविषयीचं मात्र शेजारच्याला विचारत.

"लंगडे साब चाय पीते क्या?"

"पीते, बगैर शक्कर की," यंत्रावरून मान वर न करता ते स्वतःच सांगत.

नव्या राज्यांसाठी सरकारी नोकरांच्या याद्या बनत होत्या. 'इनको दूसरी लिस्ट में डालो', म्हणजे दुसऱ्या राज्याच्या गळ्यात घाला, असं त्यांच्यादेखतच बोललं जाई. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे मी नोकरीला लागताना लपवलं होतं.

एकदा हेडक्लार्क डावीकडून मला हाका मारत होते. या टायपिस्ट गृहस्थांनी आपली कुबडी मुद्दाम जमिनीवर पाडली. मी दचकून वळले, तेव्हा त्यांनी डोळ्यांनीच हेडक्लार्ककडे खूण केली. त्यांना ठाऊक होतं. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या डावीकडचं रिकामं टेबल मागितलं. हेडक्लार्कने मला विचारलं, "इनको इधर बिठाऊं?"

ते समोरच उभे होते. ते शेजारी बसले, तर माझ्याकडेही सगळे बघू लागतील, एवढंच माझ्या मनात आलं.

"इनको वहींच रहने दीजिए," मी हेडक्लार्ककडे बघत म्हटलं.