पाय टेकायचं न्हाय

लाइफ जॅकेट घालून तुम्ही समोर उभे राहिलात की आमचे प्रशिक्षक खांद्यांवरचे दोन्ही पट्टे धरून तुम्हाला वर उचलत. जॅकेट सरकून कानाला लागलं तर म्हणत, "पावणं, जॅकेट वाचलं. तुमी गेलासा." मग सगळे पट्टे पुन्हा आवळायचे.

शाहूपुरीत त्यांचा गाड्यांच्या सीट कव्हरचा गाळा होता. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी हिमालयातल्या नद्यांवर राफ्ट, म्हणजे हवा भरलेली रबरी होडी, चालवली होती. थंडी ओसरू लागली की ते कोल्हापुरातल्या सहा जणांना तिकडच्या सर्वांत अवघड टप्प्यासाठी तयार करत. तिथला गाईड त्यांचा जुना सोबती. यांनी हो म्हटलेल्यांनाच तो राफ्टमध्ये घेई. एका वर्षी त्या सहांत मी होतो. गेलो होतो बातमीसाठी.

कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणून ते मोठ्या टाकीत टाकत. रबरी वेटसूट घालून गळ्यापर्यंत आत बसायचं, तेराचा पाढा मोठ्यानं म्हणायचा आणि म्हणता म्हणता जॅकेटचं बक्कल सोडून परत लावायचं. असं पाणी आधी श्वास हिसकावतं, मग बोटं निकामी करतं. मी अठ्ठ्याहत्तरला अडकलो. राजारामपुरीत गणिताचे क्लास घेणारे एक सर आमच्यात होते. ते एकोणतीसचा पाढा म्हणत, आणि मधूनच आमचा तेराचा दुरुस्त करत.

सर आमच्यात सगळ्यांत चांगले पोहणारे. पंचगंगेवर शिकलेले. आपल्याकडे नदीवर शिकलेल्या कोणालाही विचारा, काठावरून पहिल्या दिवसापासून एकच हाक असते: दम लागला की कडेला ये आणि पाय टेक. पाय टेकले म्हणजे वाचलो.

खडकांतून उसळणाऱ्या पाण्यात नेमकं याच्या उलट आहे. राफ्टमधून पडलात तर उताणं व्हायचं, पाय पुढे आणि पाण्याच्या वर ठेवायचे, वाहत जायचं. पाणी गुडघ्याएवढं दिसलं तरी उभं राहायचं नाही. पाऊल दगडांच्या फटीत अडकलं की मागचं पाणी माणसाला तसंच पुढे पाण्याखाली वाकवतं. मग जॅकेट उपयोगाचं नाही. "पाय टेकायचं न्हाय," हे ते दिवसातून किती वेळा म्हणत, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

शेवटची परीक्षा चंदगडकडच्या एका ओढ्यात होती. खाली काठावर दोर घेऊन ते स्वतः उभे. सर तीन वेळा बरोबर वाहत आले. चौथ्या वेळी दमले होते. कडेचं उथळ पाणी दिसताच त्यांचा उजवा पाय खाली गेला.

"सरांचं डोकं कॉलेजात हाय, पाय अजून बालवाडीत," ते म्हणाले. आम्ही हसलो. ते हसले नाहीत. सरांनी यायचं नाही, एवढंच सांगितलं.

सर चिडले. एवढ्याशा ओढ्यावरून माणसाची परीक्षा होते का, असं त्यांनी विचारलं. वर, तुम्ही स्वतः तर आता पाण्यात उतरतच नाही, घाबरलात, असंही म्हणाले.

दोर गुंडाळता गुंडाळता त्यांनी उत्तर दिलं. धाकट्या भावाला ते तिकडच्या त्याच नदीवर घेऊन गेले होते. राफ्ट उलटली. भाऊ वाहत काठाजवळ आला आणि काठावरून यांनी त्याला हाक मारली.

"मी वराडलो, पाय टेक. हितलं तोंडात बसलंलं. त्यानं ऐकलं की."

भावाला बाहेर काढायला दुपार झाली. एवढं सांगून त्यांनी दोर पिशवीत भरला.

आम्ही पाच जण जाऊन आलो. आमची राफ्ट एकदा उलटली. पाचही जण पाय वर ठेवून वाहत गेलो आणि दोर धरून काठाला लागलो.

महिन्याभरानं सर दुसऱ्या एका गटाबरोबर त्याच नदीवर गेले. फॉर्मवर त्यांनी अनुभवाच्या रकान्यात 'तज्ज्ञ' लिहिलं होतं. त्यांना कोणी पाण्यात टाकून पाहिलं नाही. त्यांच्या गटातल्या एकानं मला नंतर सांगितलं की पाणी कमरेएवढं होतं आणि काठ दहा हातांवर होता. सर एकदम उभे राहिले, तेव्हा काठावरच्यांना हायसं वाटलं होतं.

सरांचा मृतदेह आणायला आमचे प्रशिक्षकच गेले. दोन दिवसांनी आम्ही सरांच्या घरी गेलो. सरांच्या पत्नीनं आम्हाला बसायलाही सांगितलं नाही. तिनं त्यांनाच विचारलं, "जाऊ नका म्हणून तुम्ही ह्यांना सांगितलं नव्हतं का?"

मला वाटलं, आता ते ओढ्याचं सांगतील. मीही तोंड उघडलं होतं. त्यांनी माझ्या दंडाला धरलं.

"न्हाय वैनी. मीच जावा म्हटलं."

तिनं दार लावून घेतलं. आठवडाभरात राजारामपुरीत सगळीकडे तेच बोललं जाऊ लागलं: त्या माणसानं सरांना अर्धवट शिकवून पाठवलं. एकानं गाळ्यावर येऊन शिव्या दिल्या, त्या त्यांनी ऐकून घेतल्या. पुढच्या थंडीत शिकायला कोणी आलं नाही. मग गाळाही बंद झाला. ते चंदगडला सासुरवाडीच्या काजूच्या बागेत राहतात, असं कळलं.

वर्षानं मी त्यांना फोन केला. सरांच्या पत्नीला खरं काय ते सांगतो, म्हणालो.

"नगा," ते म्हणाले. "आता माझ्यावर चिडत्या. ते कळलं तर सरांच्यावर चिडंल. आन् ते हाईत कुठं?"

त्यानंतर तो नंबर लागला नाही. सरांची पत्नी कधी बाजारात भेटते. शाहूपुरीतल्या त्या माणसाचा विषय निघाला की ती तोंड फिरवते, आणि मी भाजी निवडत राहतो.