बुधवारची जाऊ, शनिवारची जाऊ

माझ्या सासूबाईंना उद्या चंद्रावर उतरवलं, तरी संध्याकाळपर्यंत त्या तिथल्या कुणाच्या तरी आजोळची चौकशी पुरी करून येतील आणि म्हणतील, "माणसं चांगली आहेत हो, फक्त धाकट्या सुनेशी पटत नाही." समोरच्या माणसाचं गाव, आईचं माहेर आणि सोयरीक कळल्याशिवाय तो त्यांना नीट दिसतच नाही.

आम्ही तेव्हा ऑस्ट्रेलियात, टूवूंबाच्या पश्चिमेला, गाडीने तीनेक तासांवरच्या एका लहानशा गावात राहत होतो. माझी बायको मेधा तिथल्या छोट्या हॉस्पिटलात डॉक्टर होती आणि मी घरी बसून सिडनीतल्या ऑफिसचं काम करत असे. गाव म्हणजे एक रुंद रस्ता, एक पब, एक पोस्ट, गहू साठवायचे उंच सायलो आणि गाड्या बंद झालेलं लाकडी रेल्वे स्टेशन. दोन वर्षांत माझी गावाशी ओळख पेट्रोल पंपावरच्या 'हाउ यू गोइंग, मेट'च्या पुढे सरकली नव्हती. मेधाच्या बाळंतपणासाठी सासूबाई साताऱ्याहून आल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी पंजाबी ड्रेस, माझे जुने स्पोर्ट्स शूज आणि मेधाची उन्हाची टोपी अशा थाटात फिरायला बाहेर पडल्या. परत आल्यावर चहा पिता पिता म्हणाल्या, "तुमच्या शेजारच्या केव्हिनचे वडील टास्मानियाचे, बरं का. इथे घरजावई म्हणून आले." केव्हिनविषयी मला तोवर एवढंच माहीत होतं, की तो रविवारी लॉन कापतो.

त्यांचं इंग्रजी मोडकं होतं, पण त्यात भीड नव्हती. "युवर मदर, हर मदर, विच प्लेस?" असा प्रश्न त्या पोस्टातल्या बाईपासून ट्रकवाल्यापर्यंत कुणालाही विचारत. मला आधी मेल्यासारखं व्हायचं. पण गंमत अशी की लोक उत्तर देत. नुसतं उत्तर नाही, कुंपणाला टेकून अर्धा अर्धा तास बोलत. पोरं ब्रिस्बेनला गेलेली, आजीचं नाव विचारणारं कुणी उरलं नव्हतं. सासूबाईंची तक्रार एकच होती. "जाऊ, नणंद, वहिनी, मेहुणी, सगळ्यांना यांच्यात सिस्टर-इन-लॉच. मग भांडण कशावरून आहे ते कळायचं कसं?"

हे त्या म्हणाल्या ते जॉइस आणि बेरिलमुळे. स्टेशनच्या इमारतीत गावाचं म्युझियम होतं आणि या दोघी म्हाताऱ्या ते चालवत. बुधवारी जॉइस, शनिवारी बेरिल. जॉइसचे आजोबा इथले पहिले स्टेशनमास्तर, त्यामुळे बुधवारी हे गाव रेल्वेने वसवलेलं असे. दारातच सिग्नलचा कंदील, मास्तरांची टोपी, शिट्टी. बेरिलचं माहेर मेंढ्यांवरची लोकर कापणाऱ्यांचं. त्यामुळे शनिवारी कंदील कोपऱ्यात जाई, कातऱ्या पुढे येत आणि गाव लोकरीवर उभं राही. दर आठवड्याला दोघी न बोलता हे सामान हलवत. सासूबाई दोन्ही दिवस जाऊन बसल्या आणि तिसऱ्या आठवड्यात शोध लावून आल्या. "अहो, सख्ख्या जावा आहेत त्या. दोन भावांना दिलेल्या."

भांडणाचं कारण त्यांनी दोन्हीकडून काढलं. जॉइसचा नवरा वारला, तेव्हा अंत्यविधीनंतरच्या चहाला बेरिलने दुकानातला विकतचा केक आणला. थोरल्या दिराच्या शेवटच्या दिवशी घरी केक करण्याएवढीही किंमत नाही, हे जॉइसच्या मनाला लागलं. बेरिलचं म्हणणं, ती तीन दिवस रडत होती, ओट्याशी उभं राहवेना. हे तिने जॉइसला कधी सांगितलं नाही, कारण जॉइसने विचारलं नाही. सासूबाईंनी इकडचं तिकडे केलं नाही. आमच्या घरात मात्र रोज रात्री जेवताना त्या कुणाला बोल लावावा हे ठरवत, आणि रोज त्यांचं मत बदले.

एका बुधवारी मीही त्यांना सोडायला गेलो होतो. म्युझियमचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून एक दगड लावलेला असे. सासूबाई त्यापुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "हा तर पाटा आहे." खरंच, मधोमध वाटून वाटून खोल झालेला. जॉइसला विचारलं, तर ती म्हणाली, सासऱ्यांना शेतात सापडला होता. "हूज?" सासूबाईंनी विचारलं. जॉइसने हातातली शिट्टी जागेवर ठेवली. मग म्हणाली, "आम्ही गोरे यायच्या आधी इथे जे राहत होते, त्यांचा. त्यांना इथून हलवलं. आम्ही त्याबद्दल फारसं बोलत नाही." एवढ्या फिरण्यात सासूबाईंनी गावातल्या प्रत्येकाची आजी विचारली होती, पण गावाला इतकी जुनी आजी असेल हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी तो जड दगड दोन्ही हातांनी उचलला, टेबलावर ठेवला, खाली आपला रुमाल घातला. "समबडीज मदर्स किचन," त्या म्हणाल्या. "नॉट फ्लोअर." शनिवारी बेरिलने सगळं हलवलं, तो दगड तेवढा हलवला नाही.

मग आमची मुलगी झाली आणि सासूबाईंनी बारशाचा घाट घातला. पाळणा म्युझियममधला हवा. त्याच पाळण्यात त्या दोघींचे नवरे वाढले होते, म्हणून दोघींची परवानगी लागली आणि दोघींना आमंत्रण गेलं. पंचवीसेक माणसं आमच्याकडे आली, केव्हिन घरून लाकडी खुर्च्या घेऊन आला. सासूबाईंनी जॉइसला पाळण्याच्या एका बाजूला उभं केलं आणि बेरिलला दुसऱ्या. "इन अवर कस्टम," त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "टू ब्रदर्स, टू वाइव्हज. कंपल्सरी."

मेधा हळूच म्हणाली, "आई, असा काही नियम नाहीये."

"आता आहे," सासूबाई म्हणाल्या.

पाळणा जमिनीवर डुलणारा होता. त्याच्या खालून बाळ कसं देणार? म्हणून मी आणि केव्हिनने तो दोन्ही टोकांनी उचलून धरला. सासूबाई म्हणू लागल्या, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." बेरिलने बाळ पाळण्यावरून पुढे केलं. जॉइसने हात पुढे केले नाहीत. सासूबाईंनी तीच ओळ पुन्हा म्हटली, मग पुन्हा. केव्हिनचा हात भरून आला होता आणि माझाही, पण पाळणा खाली ठेवायची आमची छाती नव्हती. शेवटी जॉइस म्हणाली, "डोकं सांभाळ तिचं, बेरिल."

"सांभाळलंय मी," बेरिल म्हणाली. "तू घे तरी."

जॉइसने घेतलं. मग खालून परत दिलं, वाकताना गुडघा दुखला म्हणून बेरिलच्या दंडाचा आधार घेतला, आणि तो हात बराच वेळ तिथेच राहिला. मुलीचं नाव काय ठेवलं हे त्या गडबडीत कुणी ऐकलंच नाही, पुन्हा सांगावं लागलं.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. बुधवारी रेल्वे आणि शनिवारी लोकर चालूच राहिली. पण बुधवारी दुपारी बेरिल चहाला येऊन बसे आणि जॉइसचं काय काय चुकतं ते तोंडावर सांगे. व्हिसा संपला, तशा सासूबाई परत गेल्या. मला लोक पोस्टात अडवून "तुझी मदर-इन-लॉ कशी आहे?" विचारू लागले, आणि मीही, काहीतरी बोलायला हवं म्हणून, त्यांच्या आईबद्दल विचारू लागलो.

गेल्या हिवाळ्यात बेरिल झोपेतच गेली. मेधाने आईला फोन लावला, तेव्हा साताऱ्यात सकाळचे अकरा वाजले असतील. पूजा, स्वयंपाक सगळं उरकून सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. जॉइसजवळ कोण आहे, ती जेवली का, एवढंच विचारलं. फोन तुटला असं वाटून मेधाने दोनदा "आई?" म्हटलं.

"आहे गं," पलीकडून आवाज आला. "ठेवते आता. डोक्यावरून अंघोळ करायला हवी. आपल्यातलं माणूस गेलं."