गाण्यांची नावं

माझा नवरा लग्नांत डीजे वाजवतो. त्याच्या लॅपटॉपवर गाण्यांना धड नावंच नव्हती. 'मावश्या उठतात', 'जेवणाआधी', 'नानाकाका असताना नको'. मला असलं काही बघवत नाही. दोन दुपारी बसून मी प्रत्येक नाव पुसून तिथे गाण्याचं खरं नाव, गायक, सिनेमा घातला. यादी कशी शहाण्यासारखी दिसायला लागली.

रविवारी घरच्याच हळदीत नवी नावं त्याला ओळखू येईनात. अंदाजानं एक लावलं आणि घाईनं बंद केलं. तेवढ्यात नानाकाका भरलं ताट खुर्चीवर ठेवून बाहेर गेले होते.

"काकू जायच्या आधी शेवटचं ह्याच गाण्यावर नाचल्या होत्या," नवरा एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर मी त्या गाण्याचं नाव पुन्हा दुरुस्त केलं: 'नानाकाका असताना नको'.