पहिलं पाणी

गेल्या ईस्टरच्या सोमवारी सकाळी आईने चर्चमधल्या वेदीचे कपडे धुण्याचं काम सोडलं. तेव्हा ती सत्त्याऐंशी वर्षांची होती. साताऱ्यात साठ वर्षं आणि सांगलीत सहा वर्षं तिने ते केलं. त्याचा मोबदला कधी घेतला नाही.

वेदीचे कपडे म्हणजे मिस्साच्या, चर्चमधल्या उपासनेच्या वेळी प्याला आणि थाळी ज्यावर ठेवतात तो पांढरा चौकोनी रुमाल आणि प्याला पुसायची लहान फडकी. रुमालावर ख्रिस्तप्रसादाचा, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या भाकरीचा एखादा कण राहिलेला असू शकतो. म्हणून ते आधी साबणाशिवाय, वेगळ्या भांड्यात बुडवून काढायचे. हे पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही. ते मातीत जायला हवं, जिथे कोणाचा पाय पडत नाही अशा जागी. मग साबण, खळ, आणि कापड दमट असतानाच इस्त्री. रुमालाची घडी नऊ चौकोनांची, वरची बाजू आत.

साताऱ्याच्या घरामागे पेरूचं झाड होतं. पहिलं पाणी त्याच्या बुंध्याशी जायचं. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आम्ही पाच भावंडं. एका उन्हाळ्यात नळाला चार दिवसांनी पाणी येत होतं. आईने आमच्या आंघोळी अर्ध्या बादलीवर आणल्या, पण पेरूच्या बुंध्याशी जाणारा तांब्या कमी केला नाही. वडील एका बुधवारी वारले. त्या शनिवारी कपडे नेहमीप्रमाणे चर्चमध्ये पोचले होते. सकाळची मिस्सा तिने चुकवल्याचं मला दोनदाच आठवतं. एकदा धाकट्या बहिणीचा जन्म, एकदा टायफॉइड.

एक्क्याऐंशीव्या वर्षी ती सांगलीला आमच्याकडे आली. इथल्या चर्चमध्ये दुसऱ्याच रविवारी तिने फादरांकडे काम मागितलं. कपडे धुणारी बाई मुलाकडे पुण्याला गेली होती, त्यामुळे ते मिळालं. रविवारी कपडे घरी यायचे, सोमवारी धुतले जायचे, शनिवारी परत जायचे.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. दर सोमवारी आई तांब्या घेऊन लिफ्टने खाली उतरायची आणि कंपाउंडच्या भिंतीलगतच्या कडुनिंबाला पाणी घालायची. वॉचमन म्हणायचा, "आजी, झाडाला पाइप हाय की. तुमी तांब्यानं कवा भिजवणार ते?"

"तुझं पाणी वेगळं, माझं वेगळं," आई म्हणायची.

माझी बायको पलूसकडची, ऊस पिकवणाऱ्या घरातली. तिचा बाप्तिस्मा झालेला नाही आणि आईने तो विषय कधी काढला नाही. आई आली त्याच महिन्यात बायकोने ओट्यावरचा तांब्या घासायचा म्हणून त्यातलं पाणी सिंकमध्ये ओतून दिलं. आई दुपारी जेवली नाही. संध्याकाळी तिने सुनेला समोर बसवलं आणि ते पाणी कसलं असतं ते सांगितलं.

"आवं आई, मग आधी सांगायचं न्हाई व्हय?" बायको म्हणाली. "आमच्यात देवाचं तीर्थ मी कदी मोरीत वतलं असतं का?"

त्यानंतर तांब्याला कोणी हात लावला नाही.

आईची नजर दोन वर्षांपूर्वीपासून उतरत गेली. मोतीबिंदू काढला तरी डाव्या डोळ्याने मधलं दिसत नव्हतं. वाइनचा डाग मीठ-लिंबाने काढायचा, पण त्यासाठी आधी तो दिसायला हवा. ती बोटांनी चाचपून धुवायची.

ईस्टरच्या मिस्सानंतर फादरांनी तिला एक रुमाल वेगळा आणून दिला. त्यावर फिकट तांबडा डाग होता, कडेला इस्त्रीचा चटका. ते म्हणाले, "आई, आता दगदग नको. आपण हे लाँड्रीत देऊ." लाँड्रीत पहिलं पाणी कुठे जाईल, हे तिने विचारलं. फादर म्हणाले, त्यांना सांगून बघू.

सोमवारी सकाळी ती रुमाल घेऊन स्वयंपाकघरात आली.

"हा माझ्या हातचा आहे. याच्या आधीचे नव्हते. त्यांच्या घड्या कडक असायच्या. महिन्यातून एकदाच माझ्यासारख्या पोचट. कोण करतं हे?"

बायकोने गॅस बंद केला. "मीच. तुमी गुरुवारी मिस्साला गेला की पुन्यांदा धुती, इस्त्री करती."

"कधीपासून?"

"गणपतीपास्नं."

"पाणी?"

"खाली झाडालाच. दुसऱ्यांदा धुतलेलंबी."

"मग महिन्यातून एकदा का सोडतेस?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर घेऊन बाहेर जायला निघालो. आई म्हणाली, "बस तू. बायको आहे तुझी."

"माझी पाळी असती तवा," बायको म्हणाली. "देवाचं कापड. कसं शिवू? ईस्टरच्या आठवड्यातबी तसंच झालं."

आई खुर्चीवर बसली. "अगं, तू शिवली नाहीस म्हणून डाग वेदीवर गेला. आमच्यात त्याची बंदी नाही. मी पाच बाळंतपणं काढली आणि एक शनिवार चुकवला नाही."

"तुमचं ठीक हाय. मला लय भ्या वाटतं."

"मग मी लाँड्रीला हो म्हणू का?"

आईने चष्मा काढून पुसला. म्हणाली, आजपासून हे काम माझं नाही. तू घेतलंस तर तुझं, नाहीतर लाँड्रीचं. पण घेतलंस तर सगळे आठवडे घ्यायचेस.

बुधवारी आईने फादरांना विचारलं, बाप्तिस्मा नसलेल्या बाईने हे कपडे धुतले तर चालेल का? फादर म्हणाले, धुण्याला अडचण नाही, पहिलं पाणी तेवढं सांभाळा. आईने लाँड्रीबद्दल महिनाभर थांबायला सांगितलं. तोवर बायकोने दर सोमवारी कपडे धुतले. आई शेजारी स्टुलावर बसून जपमाळ ओढायची आणि मधेच सांगायची, "खळ पातळ कर."

चौथ्या आठवड्यात शुक्रवारी बायकोची पाळी आली. कपडे इस्त्री व्हायचे राहिले होते. आईने विचारलं नाही. संध्याकाळी बायकोने कपड्यांवर पाणी शिंपडून इस्त्री लावली, रुमालाची नऊ चौकोनांची घडी घातली. शनिवारी सकाळी ती कपडे घेऊन एकटीच चर्चमध्ये गेली आणि फादरांच्या हातात देऊन आली.